टिक्कीकडे पाहू नका

बालाघाट शहरात बर्फावरची हॉकी पाहणारा एकच माणूस होता आणि तो नेमका माझा घरमालक होता. हे माझं सुदैव की दुर्दैव, ते पहिले काही आठवडे मला ठरवता आलं नाही. पहाटे साडेपाचला दारावर दोनदा टकटक, मग एक खोकला, मग खालच्या पट्टीत प्रश्न, "म्याडम, नेट चालू आहे का जी?" नेट कायमच चालू असे, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी अर्धवट झोपेत कडी काढायची, बाहेरच्या खोलीतला संगणकाचा पडदा सुरू करून द्यायची आणि आतल्या खोलीत जाऊन पुन्हा पांघरूण ओढून घ्यायची. भिंतीपलीकडून बर्फावर लोखंड घासल्याचा आवाज येत राहायचा. त्या आवाजात मला जी झोप लागायची तशी पुन्हा कधी लागली नाही.

मी साताऱ्याकडची. जंगलाचे नकाशे संगणकावर चढवायच्या कामासाठी बालाघाटला आले आणि गणवीरकाकांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. कामापायी मोठा पडदा आणि चांगलं इंटरनेट घ्यावं लागलं होतं. खाली काका आणि शेवंताकाकू. त्यांची एकुलती मुलगी वंदना लग्न होऊन नागपूरला. वस्तीत निम्मं बोलणं हिंदीत चालायचं. काका-काकू मात्र आपसात त्यांची मराठी बोलत आणि माझ्या 'अहो काका'ला दोघंही गालात हसत.

दशरथ गणवीर. उंची बेताची, हात मात्र मोठे, पंजे रुंद आणि नखं कायम पांढरट. बारा महिने अंगात बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर. मी राहायला आले तेव्हा एप्रिल संपत आला होता, रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं, आणि हा माणूस स्वेटर घालून अंगणात रोपांना पाणी घालत होता. मला वाटलं, डोकं फिरलेलं दिसतंय. मग कळलं की नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला होता. निवृत्त झाल्यावर शरीराला कोणी ते सांगितलं नसावं. शेवंताकाकू म्हणायच्या की यांना उन्हाळा बाहेर असतो एवढंच माहीत आहे, आत कधी आलाच नाही.

बर्फाबद्दल त्यांची मतं ठाम होती. फ्रिजमधल्या बर्फाला ते बर्फ मानत नसत. "मुका असते थो," म्हणायचे. चांगल्या बर्फाची लादी बोटाच्या पेराने ठोकली की बोलते, असं त्यांचं म्हणणं. लादी दुधासारखी पांढरी निघाली की पाण्यात हवा अडकली, काचेसारखी निघाली की कारागिराने मन लावलं. लग्नाच्या पंगतीत ते आधी पाण्याच्या टाकीजवळ जात, तरंगणारा बर्फ उचलून जिभेला लावत आणि कुठल्या विहिरीचं पाणी असावं ते सांगत. खरंच बरोबर सांगत की नाही, कोण तपासणार? पण सांगण्याचा रुबाब असा की समोरचा मान डोलावायचा. लहानपणी म्हणे ते हट्टा गावच्या जुन्या बावडीत अगदी खालच्या पायरीवर जाऊन बसायचे, का तर तिथे उन्हाळा पोचत नाही. घरचे शोधून थकायचे.

त्यांच्या डोळ्यांचं आधीच सांगून टाकते. कारखान्यात वायू वापरून थंडी तयार करतात. एकदा त्या वायूची नळी फुटली. सगळे बाहेर पळाले आणि काका आत गेले, चावी बंद करायला. चावी बंद झाली, पण डावा डोळा त्याच आठवड्यात गेला. उजवा राहिला. पुढे वर्षांनुवर्षं तो ढगाळत गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं, तेही लवकर. काका सगळ्यांना सांगायचे, "कामापुरतं दिसते." त्यांना आता काम तरी काय होतं? रोपांना पाणी, बाजारातून भाजी, आणि ऑक्टोबरपासून हॉकी. उरलेला उजेड त्यांनी हॉकीवर खर्च करायचं ठरवलं होतं आणि ऑपरेशन जूनपर्यंत पुढे ढकललं होतं, कारण तिकडचा मोसम जूनमध्ये संपतो. हे मला फार उशिरा कळलं, आणि जूनपर्यंत तो पडदा त्यांना मीच सुरू करून देत होते.

सुरुवात झाली ती गळक्या नळाने. काका पाना घेऊन वर आले होते. नकाशे उतरायला वेळ लागतो म्हणून मला पडद्यावर काहीतरी लावून ठेवायची सवय, तर त्या सकाळी कॅनडाकडचा कुठला तरी सामना लागलेला होता. नळ दुरुस्त झाल्याचा आवाज येईना म्हणून मी पाहिलं, तर काका पाना हातात धरून पडद्यापासून वीतभर अंतरावर उभे. बराच वेळ तसेच. मग विचारलं, "म्याडम, हा बर्फ कोनाचा होय?"

मला प्रश्नच कळला नाही. कोणाचा म्हणजे काय, खेळाचा आहे, असं काहीतरी मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. एवढा बर्फ आपोआप होत नाही, कोणीतरी पाणी सोडलं असेल, कोणीतरी रात्रपाळी केली असेल, त्याचं नाव काय? पहिला सामना त्यांनी पूर्ण पाहिला तो फक्त बर्फासाठी. माणसं कशाच्या तरी मागे धावतायत हे त्यांच्या शेवटी शेवटी ध्यानात आलं. मी सांगितलं की काळी रबरी चकती असते, ती जाळीत घालायची. "असं का," म्हणाले, जेवणात मीठ कमी आहे म्हटल्यावर म्हणतात तसं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला दारावर टकटक झाली.

महिन्याभरात त्यांनी खेळ असा आत्मसात केला की मला शिकवायला लागले. चकतीला त्यांनी टिक्की नाव दिलं, मैदानाला आंगण. मी सकाळी उठून चहा घेऊन शेजारी बसायला लागले ते आधी कुतूहलाने, मग व्यसनाने. मला काही केल्या टिक्की दिसत नसे. एवढीशी ती, आणि वेग असा की डोळा तिथे पोचेपर्यंत ती दुसऱ्या टोकाला. मी वैतागून म्हटलं, यात पाहायचं काय, जे पाहायचं तेच दिसत नाही. तेव्हा त्यांनी मला त्यांचं पहिलं आणि शेवटचं शास्त्र सांगितलं.

"टिक्कीकडे पाहू नका म्याडम. मानसायकडे पाहा. मानसाचे खांदे खोटं बोलत नाही."

आणि काय सांगू, त्या दिवसापासून खेळ मला दिसायला लागला. एकाचा खांदा डावीकडे झुकला की तिघे तिकडे वळतात, जाळीतला गडी गुडघे टेकतो, आणि काठी फिरायच्या आधीच तुम्हाला कळतं की आता. चकती नंतर येते. क्रिकेट पाहता पाहता मटार सोलून होतात, निवांत वरणाला फोडणी देता येते. इथे शेंग हातातच राहते. घशात घोट अडकलेला असतो आणि तो गिळायला फुरसत मिळत नाही. काकांना तर धावफलकाची गरजच नसे. गोल झाला हे ते माझ्याआधी सांगायचे, समालोचकाच्याही आधी. मला त्यांचं केवढं कौतुक वाटायचं.

त्यांना त्या खेळात काय आवडायचं हे ऐकलं असतं तर तिकडच्या जाणकारांनी कपाळाला हात लावला असता. गडी पाऊण मिनिट जीव तोडून खेळतात आणि चालू खेळात भिंतीवरून उडी मारून बाहेर, दुसरे पाच आत. काकांना यात नवल नव्हतं. पाळी बदलताना कोणी मशीन बंद करतं का, असं ते विचारायचे. जगातला हा एकच खेळ त्यांना कारखान्यासारखा चालणारा वाटत होता. भिंतसुद्धा खेळात असते, चकती तिच्यावर आपटून परत येते, हेही त्यांना फार पसंत होतं. "बाकी खेळात रेषेबाहेर गेलं का संपलं. इथं भिंत बी आपली." कोणी दांडगाई केली की त्याला दोन मिनिटं काचेच्या खोलीत बसवतात आणि त्याचा संघ तेवढा वेळ एका माणसाने कमी खेळतो. त्या दोन मिनिटांत काका श्वास रोखून बसत. शिक्षा झालेल्याचीच त्यांना काळजी. तो कसा बसलाय, डोकं वर आहे का खाली, पाहा म्हणायचे. मारामारी लागली आणि पंच शांतपणे बाजूला उभे राहिले की खुदकन हसायचे. थकल्यावर सोडवणं सोपं जातं, हे त्या पंचांना कोणी शिकवलं असेल, असा त्यांना प्रश्न पडायचा.

पण खरी गोष्ट बर्फाची. खेळ तीन भागांत असतो आणि मध्यंतरात एक गाडी येऊन गरम पाण्याचा पातळ थर देऊन बर्फ नवा करते. सगळं जग तेव्हा चहाला उठत असेल. काका मात्र पुढे सरकून बसत. गाडी गोल गोल फिरते, मागे ओला आरसा पसरत जातो, त्यात दिवे उतरतात. बाहेर आमच्याकडे उजाडत असायचं. खिडकीतून धुकं आत आलेलं, खाली काकूंच्या चुलीचा धूर, आणि खोलीत तो पांढरा उजेड. मी खरंच कुठे आहे हे मला काही क्षण आठवायचं नाही. तिसऱ्या भागात कुठेतरी काका अचानक म्हणायचे, "आता बर्फ थकला. आता चूक होते, पाहा." बर्फ उकरला गेलेला असे, चकती सरळ जायचं सोडून उडायला लागलेली असे, आणि खरंच कोणाची तरी चूक व्हायची. ती कोणाची होईल याची वाट पाहत आम्ही दोघं डोळ्यांत तेल घालून बसायचो.

शेवंताकाकूंनी त्याला पांढरा टीव्ही असं नाव ठेवलं होतं. चहा द्यायला वर येत, उंबऱ्यात उभ्या राहून घटकाभर पाहत आणि म्हणत की यात ना बाई रडते, ना सासू ओरडते, काय पाहतात कोण जाणे. एकदा मात्र त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, त्या खेळाकडे नाही. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. मग रिकामे कप उचलून खाली गेल्या.

जानेवारीत काकांच्या मनाने घेतलं की मला टिक्की खरोखर सरकवून दाखवायची. कारखान्यातला सुखदास हा त्यांचा जुना जोडीदार, राजेगावचा, अजून तिथेच कामाला. त्याच्या मध्यस्थीने मालकाने परवानगी दिली. माल चढवायच्या फलाटावर लाद्या शेजारी शेजारी मांडायच्या, फटींत बर्फाचा चुरा आणि पाणी भरायचं, आणि वरून पाण्याचा एक हात फिरवायचा. थंडी कडाक्याची होती, लाद्या नुकत्या काढलेल्या, पाणी टाकलं की धरत होतं. काका पहाटेपासून खपत होते. आंगण तयार झाल्यावर सुखदासला राखणीला ठेवून एका ओळखीच्याच्या सायकलच्या दांडीवर बसून घरी आले. माझ्या दाराशी उभे राहून म्हणाले, चला. लग्नाचं आमंत्रण द्यावं तसं.

आता सुखदासबद्दल. तीस वर्षं बर्फ हाताळलेला माणूस. त्या भागात धानाच्या गिरण्या पावलोपावली, धानाचा भुसा फुकट, म्हणून बर्फ काढला की त्यावर भुसा टाकायचा आणि गोणपाटाने झाकायचा ही तिथली रीत. उघडा बर्फ दिसला की या माणसांचे हात आपोआप भुशाच्या ढिगाकडे जातात. काका मला आणायला गेले, इकडे फलाटावर ऊन आलं, आणि सुखदासने जे केलं ते इमानाने केलं. सगळ्या आंगणावर टोपल्या भरभरून भुसा ओतला. माझ्या स्कूटरचा आवाज आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्याने खराट्याने घाईघाईत झाडायचा प्रयत्न केला, पण वरचा थर ओला होता, भुसा त्यात धरला होता. पांढऱ्या बर्फावर पिवळाधमक भुसा, पिठलं सांडल्यासारखा.

मी पाहिलं आणि तोंड उघडणार तेवढ्यात काका पुढे झाले. हातात बांबूची वाकवलेली काठी, खिशात मशीनचा एक जुना रबरी गट्टू. त्यांनी गट्टू बर्फावर ठेवला, पाय फाकवले, खांदा झुकवला आणि काठी फिरवली. गट्टू दोन हात गेला आणि भुशात अडकून थांबला. काकांनी मात्र मान वर करून पार दुसऱ्या टोकाच्या भिंतीकडे पाहिलं. चेहऱ्यावर हसू होतं. ते ठोका ऐकायची वाट पाहत होते.

"गेली न?" त्यांनी विचारलं.

मी सुखदासकडे पाहिलं, सुखदास जमिनीकडे. लग्नाच्या मांडवात जिभेवरून विहीर ओळखणारा तो माणूस, ज्याला बर्फातला एक बुडबुडा खपत नसे, त्याला पायाशी पसरलेला भुसा दिसत नव्हता. खांदे पाहा, माणसं पाहा, हे सारं शास्त्र त्यांनी कशामुळे शोधून काढलं ते मला त्या फलाटावर कळलं. टिक्की त्यांनी एकदाही पाहिली नव्हती.

काका खाली बसले. हात बर्फावर ठेवला, फिरवला, मुठीत आलेला भुसा नाकाशी नेला. सुखदास म्हणाला, "ऊन आलतं भाऊ. गळून जाईल म्हनलं." त्याचा आवाज रडवेला झाला होता. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की बरोबर केलंस, बर्फ उघडा ठेवत नाहीत आपल्यात. मग चहाच्या टपरीवरून गरम पाण्याचा डबा मागवला. गोणपाट ओलं करून ते गुडघ्यावर रांगत आंगणभर फिरले, हाताने चाचपत, भुसा ओढून काढत. अर्ध्या तासाने बर्फ आरशासारखा झाला. दुसऱ्यांदा काठी फिरली तेव्हा गट्टू सरसर गेला आणि समोरच्या भिंतीवर असा ठोका बसला की कारखान्यातली माणसं बाहेर आली. मग सगळ्यांनी काठी मागितली. मीही मारली. सुखदास दोनदा पडला आणि दोन्ही वेळा आनंदाने पडला.

परत येताना ते स्कूटरवर मागे बसले होते. नदीच्या पुलाच्या अलीकडे म्हणाले, "भुसा पिवळा असते न म्याडम? मले सारं पांढरंच दिसलं."

त्याच संध्याकाळी शेवंताकाकूंनी मला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. ऑपरेशन केलं तर आहे ते टिकेल, नशीब असेल तर थोडं वाढेल. नाही साधलं तर आहे तेही जाईल. आणि काहीच केलं नाही तर वर्षभरात हळूहळू जाणारच. वंदना फोनवर रडून थकली होती. काका मात्र जूनचं कारण सांगत होते. मला काकांचा राग आला आणि त्याहून जास्त माझा. दुसऱ्या दिवशी साडेपाचला टकटक झाली तेव्हा मी आतूनच सांगितलं की नेट बंद पडलंय. "हौ का," म्हणाले आणि जिना उतरले. एकेक पायरी चाचपत उतरत होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. माझ्या खोलीत नेटचा हिरवा दिवा लुकलुकत होता आणि मी त्याच्याकडे चोरासारखी पाहत होते.

तिसऱ्या दिवशी काकूच वर आल्या. "उघडा जी दार," म्हणाल्या. "खाली बसून भिंत पाहून राह्यले." मी दार उघडलं. काका आत आले, आपल्या जागी बसले, नेट कसं सुरू झालं हे त्यांनी विचारलं नाही. मीच विचारलं, काका, जून येईस्तोवर डोळा राहणार आहे का? त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"आज जे दिसते थे दिसते. शेवंता थोडी दिसते, तुमी थोड्या दिसता, हे पांढरं दिसते. थे बी गेलं तर काहून केलं म्हनीन मी?"

त्यांना भीती वाटत होती. वायू सुटलेल्या खोलीत एकटा शिरलेला माणूस, आणि त्याला भीती वाटत होती. मी सामना लावून दिला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांचा आवडता संघ एका गोलने मागे होता. दोन मिनिटं उरली आणि त्या संघाने आपला जाळीतला गडी बाहेर बोलावला, त्याच्या जागी एक जास्तीचा गडी पुढे पाठवला. जाळी उघडी. मी तोवर बरेच सामने पाहिले होते तरी दर वेळी मी पुढे सरकून बसायचे. सहा जण समोरच्यांवर तुटून पडले. काठ्या, खांदे, धडका, लोक उभे राहिलेले. आणि मग दुसऱ्या संघातल्या एकाने दमून कशीबशी चकती बाहेर ढकलली. ती सगळं आंगण ओलांडून हळूहळू, अगदी सावकाश, उघड्या जाळीकडे जायला लागली. तेवढी एक चकती मला स्पष्ट दिसली. काकांनी विचारलं, "जाऊन राह्यली का?" मी म्हटलं, हो. "गेली?" मी म्हटलं, गेली.

सामना संपला. गडी एकमेकांच्या हेल्मेटवर थापा मारत आत निघाले. काकांनी रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणाले की नागपूरला फोन लावा, वंदनाला सांगा, येतो म्हणून. मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. म्हटलं, काका, पण ते तर हरले.

"हौ. हारले," काका म्हणाले. "बसून नाई हारले."

ऑपरेशनचं काय झालं ते सांगते. साधलं नाही. डॉक्टरांनी शर्थ केली, पण डोळा राहिला नाही. आधी केलं असतं तर फरक पडला असता का, हे मी वंदनाला विचारलं. ती म्हणाली की डॉक्टर म्हणतात, पडला असता असंही नाही, पडला नसता असंही नाही. या वाक्याने मला अजून टोचणी लागते, पहाटे जाग आली की जास्तच. काका-काकू आता नागपूरला वंदनाकडेच असतात. कधी रविवारी त्यांचा फोन येतो. सामना लावून कान देऊन बसतात म्हणे, आणि गड्यांच्या बुटांखालच्या पात्यांच्या आवाजावरून बर्फ थकला की नाही ते सांगतात. वंदनाला ते खोटं वाटतं. मला वाटत नाही. माझीही पुढे बदली झाली. नागपूर काही फार लांब नाही, पण मी अजून भेटायला गेलेले नाही. ते माझ्या दिशेने मान वळवतील आणि माझ्या डावीकडेच पाहत राहतील, हे मला सोसेल असं वाटत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नागपूरला निघाले त्या सकाळी. मुद्दाम लवकर उठून मी सामना लावून ठेवला होता. गाडीला वेळ होता, म्हटलं निघण्याआधी एक भाग तरी पाहतील. साडेपाच झाले, टकटक नाही. सहा झाले. पडद्यावर गाडी फिरून गेली, बर्फ नवा झाला, गडी उतरले. मी काकांना बोलवायला जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर थांबले.

दार उघडं होतं. काकांनी खुर्ची ओढून दाराच्या उजेडात ठेवली होती आणि तिच्यावर शेवंताकाकूंना बसवलं होतं. प्रवासाचं निळं लुगडं, केस ओले, मांडीवर पिशवी. काका समोर पाटावर बसून त्यांच्याकडे पाहत होते. अगदी जवळून, वीतभर अंतरावरून, उजवा डोळा बारीक करून. कपाळ, मग भुवया, मग गालावरचा तीळ. मोठ्या हाताने त्यांनी काकूंची हनुवटी जराशी उजेडाकडे वळवली. काकू लाजून लाल झाल्या होत्या.

"असं काय पाहून राह्यले जी?" त्या म्हणाल्या. "गाडी सुटन न."

"सुटू दे. हालू नको."

काकूंनी पिशवी घट्ट धरली आणि त्या हलल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी येत होतं तेही त्यांनी पुसलं नाही. बाहेर ऑटोवाल्याने हॉर्न दिला, एकदा, मग पुन्हा. मी परसातल्या दाराने वळसा घालून रस्त्यावर गेले आणि त्याला सांगितलं, "भैया, हॉर्न मत बजाओ. अभी टाइम लगेगा."